विळ्यावरचा शिक्का

जपानच्या फुकुई प्रांतातले ताकेफू हे काही लोखंड पिकवणाऱ्या मुलखातले गाव नव्हे. जुन्या जपानचे बहुतेक लोखंड पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या काळ्या वाळूतून गाळले जाई आणि तिथून इतर प्रांतांत जाई. तरीही गेली काही शतके ताकेफूचे विळे आणि सुऱ्या जपानभर गावाच्या नावाने ओळखल्या जातात. 2005 साली शेजारच्या इमादातेशी एक होऊन त्या शहराचे नाव एचिझेन झाले, पण पात्यांचा लौकिक टिकून राहिला. आता नकाशा आपल्याकडे वळवू. परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हे मोठे गाव आहे. तिथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास, नांदेड ओलांडून निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचे खेडे आहे. ज्या पोलादाच्या तलवारींनी इराण आणि सीरियाचे नाव जगभर केले, ते पोलाद इथे मुशीत शिजत होते. 1948 पर्यंत परभणी आणि निजामाबाद एकाच निजामी राज्यात होते. म्हणजे पोलाद दाराशी होते, लोहार गावोगाव होते, शेती होती, बाजारही भरत होते. तरीही बोरीचा विळा, जिंतूरची सुरी किंवा परभणीचा कोयता असे नाव घेऊन कुणी दुकानदाराकडे माल मागत नाही. हे का झाले, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की पात्याला गावाचे नाव मिळते ते खनिजामुळे नव्हे आणि एकट्या कारागिराच्या हातामुळेही नव्हे. गावाबाहेरचे गिऱ्हाईक, ते गिऱ्हाईक ओळखेल असा शिक्का आणि दोघांना जोडणारी विक्रीची वाट ही तीन एकत्र आली, तरच ते नाव उभे राहते. मराठवाड्यात पोलाद आणि लोहार दोन्ही होते. ही तीन मात्र जमू नयेत अशीच आपल्या गावगाड्याची घडण होती.

कोनासमुद्रमची हकिगत नीट पाहिली पाहिजे, कारण ‘आपल्याकडे कच्चा मालच नव्हता’ हा आक्षेप तिथेच निकालात निघतो. हेन्री व्हॉयसे या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथली भट्टी पाहून तिचे वर्णन केले, ते 1832 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळून मातीच्या बंद मुशीत घालत. भात्यांवर तासन् तास वारा देऊन ते वितळवत, मग निवलेल्या गोळ्यावर मातीचा लेप चढवून तो पुन्हा पुन्हा तापवत, म्हणजे पोलादाचा ठिसूळपणा कमी होऊन ते घणाखाली चालू लागे. व्हॉयसे गेला तेव्हा इराणातल्या इस्फहानचा एक व्यापारी खरेदीसाठी तिथे मुक्काम ठोकून होता. इराणी व्यापारी स्वतः माल तोलून घेत आणि भट्टीचे कामही डोळ्यांखालून घालत. हा व्यापार त्याआधीही जुना होता. सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने गोवळकोंड्याच्या राज्यातून इराणात जाणाऱ्या पोलादाची नोंद केली आहे. याचा अर्थ काय होतो? गोळा आपल्याकडचा, पण तलवार आणि तिच्यावरचे नाव परक्या शहराचे. दख्खनच्या सरदारांच्या कमरेची स्थिती तर याहून बोलकी आहे. मराठा सरदारांच्या आवडत्या फिरंग तलवारीची पाती पोर्तुगीज आणि इतर युरोपीय वाटांनी आलेली असत. मूठ तेवढी इथे बसवली जाई. चांगले पोलाद बाहेर जात होते आणि प्रतिष्ठेचे पाते बाहेरून येत होते. मधल्या कामाची सगळ्यात मोठी किंमत, म्हणजे घडाईची, इथल्या गावांच्या वाट्याला फार थोडी आली.

मग हात कमी पडला का? तसेही दिसत नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, इसवी सनापूर्वी सुमारे सातव्या शतकातली. त्याच परिसरातल्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांतून कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या निघाल्या. विदर्भातल्या या हत्यारांची धातुशास्त्रीय तपासणी झाली आहे. जिथे काम होते त्या धारेपाशी कठीण पोलाद आणि बाकी अंगाला मऊ लोखंड ठेवण्याची समज त्या काळच्या लोहारांना होती, असे तिच्यातून दिसते. ही समज पुढे हरवली नाही. गावातल्या लोहारसाळेत कुऱ्हाड शेवटायला येई तेव्हा तेच घडत होते. झिजलेले तोंड तापवून, लाल झाल्यावर छिन्नीने चिरून, त्या फटीत पोलादाची पट्टी घालत. वर सवागी टाकत, म्हणजे तापलेल्या लोखंडावरची राख-पापडी वितळून निघून जाई आणि दोन धातूंच्या मधे काही राहत नसे. मग पांढुरका ताव येईपर्यंत भाता चालवून ऐरणीवर पहिला घाव हलक्या हाताने, नेमका, आणि लगेच घणाचे घाव. सांधा एकदा धरला की कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे राही, तिला धक्का सोसे, आणि तोंड पोलादाचे होई. शेवटी सगळी कुऱ्हाड नव्हे तर फक्त तोंड पाण्यात बुडवत. अंगातली उरलेली उष्णता तोंडाकडे परत येताना धातूवर पिवळट, मग तपकिरी, मग निळसर छटा सरकत जातात. योग्य छटेवर लोहार ते पुन्हा गार करी. पाणी देणे म्हणतात ते हेच. पोलादाची पट्टी लोखंडात घालून सांधायची ही रीत जपानी सुरीच्या घडाईतही आहे. तत्त्व एकच आहे.

फरक आहे तो पुढच्या बारकाव्यात, आणि तो बारकावा मुद्दाम जवळून पाहण्यासारखा आहे. ताकेफूचे लोहार दोन पाती एकावर एक ठेवून एकदमच हातोड्याखाली धरतात. पातळ पाते एकटे घडवले तर ते झटकन थंड होते, म्हणून पुन्हा पुन्हा तापवावे लागते, आणि प्रत्येक तावाला पोलादातला कार्बन थोडा जळतो, धातूचे कण जाड होतात. दोन पाती एकत्र असली की उष्णता टिकते, कमी तावांत काम होते, पाती पातळ आणि सारखी पसरतात. मग ती वेगळी करून एकेक नीट करायची. ही युक्ती केवळ हुशारीची नाही. तिच्यामागे एक आर्थिक अट आहे. ज्याला एकाच आकाराची शेकडो पाती करायची आहेत, त्यालाच दोन पाती एकदम घडवण्याची गरज पडते. ज्याच्यापुढे आज एका शेतकऱ्याची कुऱ्हाड, उद्या दुसऱ्याचा फाळ आणि परवा तिसऱ्याच्या गाडीची धाव आहे, त्याला ही रीत शोधण्याचे कारणच नाही. कसब आणि बाजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण धरतो, पण कसबाला कोणते वळण लागेल हे गिऱ्हाईक ठरवते. आपल्या लोहाराचे कसब रुंद झाले. तो शेतीच्या प्रत्येक अवजाराला हात घालू शके. ताकेफूच्या लोहाराचे कसब अरुंद आणि खोल होत गेले.

आपल्या लोहारापुढचे गिऱ्हाईक असे का होते, याचे उत्तर बलुत्यात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आणि तितकीच कडक टीका केली आहे. लोहार हा वरच्या ओळीतला बलुतेदार. फाळ, कुळव, खुरपी, विळे यांची वर्षभराची दुरुस्ती त्याने करायची आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून आपल्या हक्काचे धान्य न्यायचे. इथे जपानचा संबंध अनपेक्षितपणे जुळतो. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांचा अभ्यास करून 1972 साली असे मांडले, की महाराष्ट्रातले बलुतेदार हे एकेका घराण्याचे बांधील नव्हते, तर ते सगळ्या गावाचे म्हणून नेमलेले होते. त्यांचे काम आणि त्यांचा हक्क दोन्ही वतन होते. ते वारशाने येत, विकताही येत. हा निष्कर्ष आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो. लोहार गावाचा असेल तर बाहेरच्या लोहाराला गावात येऊन धंदा करता येणार नाही, आणि या लोहारालाही शेजारच्या गावात गिऱ्हाईक शोधता येणार नाही, कारण तिथले गिऱ्हाईक तिथल्या वतनदाराचे. त्याला उत्पन्नाची शाश्वती मिळाली आणि तिच्या बदल्यात स्पर्धा गेली. उत्तम विळा केला म्हणून खळ्यावर जास्त पायल्या मिळत नव्हत्या. मी याला दोष म्हणत नाही. दुष्काळी मुलखात, जिथे पावसाचा भरवसा नाही, तिथे शेतीची अवजारे बिनपैशाने चालू ठेवण्याचा हा समंजस उपाय होता आणि त्याने कित्येक पिढ्यांचे शेत चालवले. पण या रचनेत पात्यावर खूण उमटवण्याची गरज कुणालाच नव्हती. विळा कुणी केला हे गावात सगळ्यांना ठाऊक होते, आणि गावाबाहेर तो जातच नव्हता.

ताकेफूचा विळा मात्र बाहेर गेला, आणि तो कसा गेला हे महत्त्वाचे. परंपरा सांगते, की 1337 साली चियोझुरू कुनियासू नावाचा तलवारी घडवणारा लोहार क्योतोहून तिथे आला आणि तलवारींच्या जोडीने शेतकऱ्यांसाठी विळे करू लागला. ही कथा नाव मोठे करण्यासाठी कामी आली असेल, पण धंदा मोठा केला तो दुसऱ्याच लोकांनी. शेजारच्या डोंगराळ भागातले लोक झाडांना चिरा पाडून लाखरोगणाचा चीक गोळा करण्याचे काम करत. हंगाम आला की ते दूरदूरच्या प्रांतांत जात आणि जाताना सोबत ताकेफूचे विळे नेऊन विकत. या लोकांना लोहारकाम येत नव्हते, पण त्यांचे पाय ठरावीक वाटेने ठरावीक गावांत पडत होते. त्यांच्यामुळे ताकेफूच्या भट्टीला असे गिऱ्हाईक मिळाले, ज्याने लोहाराचे तोंड कधी पाहिले नव्हते. न पाहिलेल्या लोहाराचा माल घ्यायचा तर गावाच्या नावावरच घ्यावा लागतो. तिकडे साकाई या बंदराच्या शहरात हीच गोष्ट सत्तेच्या मदतीने घडली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तंबाखू जपानला पोचली, तिची पाने बारीक चिरायला खास सुऱ्या लागू लागल्या, आणि पुढे तोकुगावा राजवटीने साकाईच्या सुऱ्यांना अस्सलपणाचा शिक्का देऊन विक्रीचा विशेष हक्क बहाल केला. साकाईत घडाई करणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा आणि माल उचलणारा घाऊक व्यापारी वेगळा, अशी वाटणी झाली. ती आजही आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. फिरते लोहार आपल्याकडेही होते. घिसाडी समाजाचे आयुष्यच रस्त्यावर गेले. मग विक्रीची वाट नव्हती असे कसे म्हणायचे? घिसाड्यांचे श्रम मी कमी लेखत नाही. गाड्यावर संसार, बाईच्या हातात घण आणि पुरुषाच्या हातात सांडशी, अशी त्यांची भट्टी मराठवाड्यातल्या गावोगावच्या वेशीबाहेर पेटत आली आहे, आणि बलुत्याच्या लोहाराला न पुरणारे काम त्यांनी उचलले आहे. पण त्यांच्या विक्रीची रीत पाहा. गिऱ्हाईक आपलेच लोखंड आणून देई आणि त्याच्यासमोर त्याला हवे ते करून घेई; दाम मिळे ते मजुरीचे. तयार माल साठवायला जागा नाही, उधारी सोसणारा व्यापारी मागे नाही, आणि पुढच्या मुक्कामाला जुने गिऱ्हाईक भेटेलच असे नाही. ताकेफूला घडवणारा स्थिर होता आणि विकणारा फिरत होता. घिसाड्यांमध्ये दोन्ही ओझी एकाच कुटुंबाच्या डोक्यावर होती. ज्याला कायमचे ठिकाणच नाही, त्याच्या मालाला ठिकाणाचे नाव कसे मिळावे? आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी आहेत.

जातीचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. धंदा जन्माने ठरणे हे एकट्या भारताचे नव्हते. जपानमध्येही लोहाराचा मुलगा लोहार होत असे. त्यामुळे वंशपरंपरेने कीर्ती अडली असे म्हणता येत नाही. पण आपल्याकडे घडवणारा आणि विकणारा यांच्यामध्ये सामाजिक अंतर एवढे होते, की व्यापाऱ्याने लोहाराला भागीदार मानून त्याच्या मालावर पैसा लावावा, असे फारसे घडले नाही. कापसावर आणि धान्यावर लावलेला पैसा त्याला अधिक सुरक्षित वाटला. हे अंतर अलंघ्य होते असे मात्र नाही. मेरठच्या कात्र्या याच देशात, याच समाजरचनेत नावारूपाला आल्या. शिंप्यांना लागणाऱ्या, मोडीतल्या पोलादाच्या कात्र्यांचा तो धंदा एका गजबजलेल्या व्यापारी शहरात वाढला, आणि 2013 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मेरठला खाण नव्हती. शिंपी होते, आणि ते देशभर होते.

यंत्रांनी आणि आयात मालाने आपले लोहार मारले, हे चौथे स्पष्टीकरण. यात तथ्य आहे, पण जपानवरही तेच संकट आले होते. 1876 साली तलवार बाळगायला बंदी झाली आणि तलवारी घडवणाऱ्यांचे पोट एका हुकमाने गेले. परदेशी पोलाद बंदरांत उतरू लागले. तिथल्या लोहारांनी ते पोलाद वापरले आणि आपला माल बदलला. पुढे यासुगीच्या कारखान्याने खास पात्यांसाठी पोलाद बनवले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यात पत्र्यातून कापलेल्या स्वस्त सुऱ्या आल्या तेव्हा ताकेफूही डगमगले. त्या वेळी मदतीला आला तो 1974 चा पारंपरिक हस्तव्यवसायांचा कायदा. त्याची अट लक्षात घेण्यासारखी आहे: धंद्याला शंभर वर्षांचा इतिहास हवा, आणि एका भागात किमान दहा कारखाने किंवा तीस कारागीर त्यात असायला हवेत. म्हणजे कायदा एकट्या गुणी कारागिराला नव्हे, तर प्रदेशाला मान्यता देतो. पात्यांच्या धंद्यात ही मान्यता पहिल्यांदा 1979 साली ताकेफूला मिळाली. 1980 च्या दशकात काझुओ कावासाकी या रचनाकाराने त्यांच्या सुऱ्यांना नवे रूप दिले, आणि 1993 साली दहा लोहारसाळांनी सहकारी तत्त्वावर एकच मोठी कार्यशाळा उभारली. भाडे आणि यंत्रे एकत्र, शिक्के ज्याचे त्याचे.

आपल्याकडची 2023 ची पंतप्रधान विश्वकर्मा योजना अठरा व्यवसायांना लागू आहे, लोहार त्यात आहेत. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत, प्रशिक्षण. हे सगळे उपयोगाचे आहे आणि ते मिळावे. पण ही मदत व्यक्तीला मिळते. तिने भात्याच्या जागी विजेचा पंखा येईल, गिऱ्हाईक येणार नाही. बोरी, झरी, जिंतूर, चारठाणा इथल्या लोहारांनी मिळून एक खूण ठरवावी, तिच्यासाठी धातूची आणि धारेची कसोटी पक्की करावी, आणि त्या खुणेखालचा माल एका ठिकाणी साठवावा, यासाठी लागणारा पैसा आणि अधिकार या योजनेच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मोडीतल्या पोलादाच्या कोयत्याला जपानी सुरीच्या पंगतीला कसे बसवणार, असे कुणी विचारेल. इथे आकडे मदतीला येतात. आपले लोहार ज्यातून कोयता घडवतात, त्या ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो. जपानी सुरीच्या उत्तम पोलादात तो एक टक्क्याच्या वर. कार्बन जास्त तर धार अधिक बारीक आणि टिकाऊ, पण पाते ठिसूळ. कच्चा मासा कापणाऱ्याला ती धार हवी. उसाचा बुडखा जमिनीलगत छाटताना कोयता मातीत, खड्यांत जातो. तिथे एक टक्क्याच्या पोलादाचा टवका उडेल आणि कमानपाटा फक्त बोथट होईल, जो पुन्हा पाजवता येतो. पाटा निवडणाऱ्या आपल्या लोहाराने धातू अचूक निवडला आहे. कमी पडते ते पुढे: पाणी देताना प्रत्येक कोयत्याला सारखी उष्णता मिळेल याची हमी नसते, आणि ती हमी नसल्याबद्दल विचारणारे कुणी नसते.

आणि गिऱ्हाईक? ते आता आहे, पूर्वी कधी नव्हते इतके. दरवर्षी पावसाळा सरल्यावर मराठवाड्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवराबायकोच्या जोडीची मोजणीच ‘एक कोयता’ अशी होते. हत्यार त्यांनी स्वतःचे आणायचे असते. ते कारखान्याच्या खरेदीत येत नाही. इतका गरीब माणूस चांगल्या पात्याला जास्त पैसे देईल का, ही शेवटची शंका. ताकेफूचे विळे घेणारेही शेतकरीच होते, सरदार नव्हते. ऊसतोड मजुराला तर मजुरी टनावर मिळते. धार उतरली की त्याचे घाव वाढतात, मनगट दुखते आणि दिवसाचा टन कमी भरतो. पन्नास-शंभर रुपये जास्त मोजून हंगामभर धार धरणारा कोयता मिळत असेल, तर त्याचा हिशेब त्याला कुणी शिकवायला नको. एका हंगामात त्याला कळते की हा कोयता चांगला निघाला. पुढच्या वर्षी तो बाजारात उभा राहतो तेव्हा समोरच्या ढिगातल्या शंभर कोयत्यांपैकी एकावरही अशी खूण नसते, जी दाखवून तो म्हणू शकेल की मला यातलाच द्या.